टॉवेलाखाली

पौषात, खरसुंडीच्या माळावर
माझा बाप गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचा
आणि वर टॉवेल टाकायचा.
खाली बोटं बोलायची. वर दोघंही
खोंडाच्या वशिंडाकडे बघत राहायचे,
जणू हात दुसऱ्याच कुणाचे.

मी सात वर्षांची. कासरा माझ्याकडे.
मला वाटायचं, भाव त्या दोघांतच ठरतो.

आता विट्यात, भाड्याच्या खोलीत,
मी ट्रायटॉनचा हिशेब करते.
एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. एवढासा संसार.
जोड्या तीनच, आणि प्रत्येक जोडीचं बळ
लोकांनी हयात घालवून मोजलेलं,
कणावर कण आदळून.
तिन्ही मांडल्या, रात्रभर मशीनला जुंपल्या.
पहाटे उत्तर आलं: सात पूर्णांक सहा.
निसर्गात ते साडेआठाला दोन पैसे कमी.

जोड्या पुन्हा तपासल्या.
एकही खोटं बोलत नाही.
तरी घरात पाऊण-एक कमीच.

रविवारच्या एस्टीनं आप्पा आले. पिशवीत बाजरी.
स्क्रीनकडे बघत म्हणाले, अडलंय कुठं?
दोघादोघांचं सगळं धरलंय, आप्पा, बेरीज तोकडी पडती.
"तिसरा कुठं हुबा हुता?"
आतच आहे की. तीनच तर आहेत.
"तसं न्हवं. दोघांचा हात चालू असताना
तिसरा कुठं हुबा हुता?"

मग शिराज तांबोळी निघाला.
बोलायचा न्हाई, दात बघायचा न्हाई,
नुसता पलीकडं तंबाखू मळत.
तरी टॉवेलाखालचं बोट वाकता वाकता थांबायचं.
तो चहाला गेला की त्याच दोघांत,
त्याच खोंडाला, दुसरा भाव.
"आता ह्यो फरक
तू कुठल्या जोडीच्या नावावर मांडशील?"

मी त्यांना सांगितलं नाही की
याला समीकरण आहे.
एक कण दुसऱ्याशी देवघेव करता करता
अंगात आल्यासारखा जड होतो,
आणि त्या जडपणातच तिसऱ्याला शिवून
पुन्हा शुद्धीवर येतो.
इतका थोडा वेळ, की त्याला वेळ म्हणणंही जास्तच.

ते पद घातलं. साडेआठाला दोन पैसे कमी, बरोबर.
पण त्यात फुशारकी काय? त्याचा आकडा
ट्रायटॉनवरच बसवलेला.
बैलाच्या सौद्याला बैलाचीच साक्ष.

खरी परीक्षा ऑक्सिजनची.
जोड्यांचा कागद म्हणतो, न्यूट्रॉन भरत जा,
अठ्ठाविसापर्यंत घर टिकेल.
निसर्ग चोविसालाच दार लावतो.
तिसरा इथं जोडत नाही, ढकलतो.
आप्पांना नवल वाटलं नाही.
"शिराज आला की भाव चढायचाच आसं कुठं हाय?
कवा कवा सौदाच मोडायचा."

आई होती तेव्हा
माझ्या पुण्याला जाण्यावरून आमची भांडणं व्हायची.
ती उंबऱ्यावर लसूण सोलत बसलेली,
वर मान नाही, हूं की चूं नाही.
मी तिला कधी हिशेबातच धरलं नव्हतं.
आता तीच दोन माणसं,
भांडायला विषयही शिल्लक आहेत,
पण आवाज चढत नाही. सुरू होतो
आणि कुठंतरी वाटेत उतरून जातो.

जेवलो. उरलेल्या भाकरीवर त्यांनी टॉवेल झाकला,
मग आठवण होऊन काढला, खांद्यावर टाकला.

स्टँडवर आटपाडीची गाडी लागलेली.
चढायच्या आधी त्यांनी माझा हात धरला,
वर टॉवेल ओढला
आणि माझी तीन बोटं घट्ट दाबली.
तीन म्हणजे किती, मला कधीच शिकवलं नव्हतं.

कंडक्टर दारात, दोरीला हात लावून,
आमच्याकडे नाही, टपाकडे बघत उभा.

आप्पांनी एक बोट सोडलं.